माशाच्या तोंडातली अंगठी आणि चहाची गाळणी

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी ६३ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त, राहणार इंदूर. तुमचं खाण्यापिण्याचं सदर आमची सौ. नेमानं वाचते, मी अधूनमधून. विषय बियरचा आहे आणि उत्तर एका बाईकडून मागतोय म्हणून जरा संकोच वाटतो, पण दुसऱ्या कोणाला विचारू?

आमचा जावई नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये असतो. गणपतीत आला तेव्हा माझ्यासाठी बियरच्या दोन बाटल्या घेऊन आला. तपकिरी काचेच्या, बुटक्या, मधेच फुगलेल्या. लेबलावर एक मासा आणि त्याच्या तोंडात अंगठी. नाव ऑर्वाल. म्हणाला, "बाबा, ही साधी नाही, मठात बनते. सावकाश घ्या."

ते दोघं गेल्यावर एका रविवारी मॅच लागली होती, तेव्हा एक बाटली काढली. दोन तास फ्रीझरमध्ये ठेवली, स्टीलच्या पेल्यात ओतली, तर निम्मा फेस टेबलक्लॉथवर. बुडाशी गढूळ काहीतरी दिसलं. बुरशी असेल म्हणून चहाच्या गाळणीनं गाळून घेतली. पहिला घोट घेतला आणि तोंड कडू झालं. मी वर्षातून दोन-तीनदा आपली नेहमीची स्ट्राँग बियर घेणारा माणूस, मला बियर कळत नाही असं नाही. पण हिला वास कसला, सांगू? लहानपणी राजवाड्यावर टांगे उभे असायचे ना, त्या घोड्यांचा! सौ.नं लांबूनच हुंगलं आणि म्हणाली, "अनारशाचे तांदूळ एक दिवस जास्त भिजले की असा वास येतो." पेला तसाच ठेवून मॅच बघत बसलो. पाऊण तासानं, फेकवेना म्हणून, उरलेली संपवली. ती मात्र का कोण जाणे, बरी लागली. लेबलावरच्या तारखांवरून बघितलं तर बाटली भरल्या दिवसापासून मुदत पाच वर्षांची! बियर कुठे पाच वर्षं टिकते का? छपाईत चूक असणार.

जावयानं फोनवर विचारलं तेव्हा "एक नंबर" म्हणून मोकळा झालो. आता डिसेंबरअखेर दोघं परत येताहेत. तो म्हणतो, दुसरी बाटली आपण मिळून उघडू, एकतीस तारखेला महेश्वरला जाऊ, घाटावर बसून. बाटली खराब होती का? दुसरीही तशीच निघाली तर? आणि त्याच्यासमोर तोंड वाकडं न करता ती प्यायची कशी? मला बीपीची गोळी चालू आहे. सौ.चा प्रश्न वेगळाच आहे: मठात दारू कशी काय बनते?

एक सासरा, इंदूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं, रात्री जेवताना. गाळणीपाशी आमच्याकडे सगळे हसले, त्याची माफी आधीच मागून ठेवते. संकोचाचं म्हणाल तर बावीस वर्षं मी हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना पेयं शिकवली आहेत. त्यातली निम्मी पोरं पहिल्या दिवशी तुमच्यासारखीच चाचरत बोलायची.

बाटली खराब नव्हती. दुसरीही नसेल.

आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून टाकलंय: पाऊण तासानं उरलेली बरी लागली. "का कोण जाणे" म्हणता, पण कारण साधं आहे. तोवर ती कोमट नाही, तरी माणसात आली होती. फ्रीझरमधून काढलेला आमरस चमच्यानं खरवडून खाल्ला तर गार लागतो, गोड लागतो, पण हापूस लागत नाही. वास गारठ्यात दबतो, आणि चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो. बियरमध्ये वास दबला की मागे कडूपणा आणि वायूची चुणचुण एवढंच उरतं. पहिल्या घोटाला तुम्हाला तेच दोन भेटले. बाकीची मंडळी पाऊण तासानं आली, तोवर तुमचं लक्ष मॅचमध्ये होतं.

आपल्याकडची बियर बर्फासारखी गार प्यायची असते हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की बियर म्हटलं की हात आपोआप फ्रीझरकडे जातो. त्यात चूक काही नाही. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हलकी लागर बियर तशीच बरी लागते, आणि ती त्याच बेतानं बनवलेली असते. ऑर्वाल त्या घराण्यातली नाही. तिला १२ ते १४ अंश मानवतात, म्हणजे जुन्या वाड्यातल्या तळघराइतका गारवा. डिसेंबरात तुम्ही ती फ्रीजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यातून काढून अर्धा तास टेबलावर ठेवलीत की काम झालं. फ्रीझरचं नाव काढू नका. वायू भरलेली काचेची बाटली तिथे विसरली तर फुटतेसुद्धा.

इथे मला शिकंजी आठवते. बाहेरगावचा पाहुणा इंदुरात पहिल्यांदा शिकंजी मागवतो तेव्हाचा त्याचा चेहरा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या गावी शिकंजी म्हणजे लिंबूपाणी. इथे त्याच्यासमोर येतो आटवलेल्या दुधाचा, केशर-सुक्यामेव्याचा, किंचित आंबूस असा घट्ट पेला. पहिल्या घोटाला तो दचकतो, कारण जीभ लिंबाच्या तयारीत बसलेली असते. शिकंजीचा त्यात काय दोष? नाव एक आणि वस्तू दुसरी, एवढंच. मग आपण त्याला म्हणतो, "भिया, ये इंदौर की शिकंजी है," आणि दुसऱ्या घोटापासून तो नीट पिऊ लागतो. तुमचं तेच झालं. बाटलीवर बियर म्हटलेलं, आणि जीभ तुमच्या नेहमीच्या स्ट्राँगची वाट बघत बसलेली. आपली स्ट्राँग गोडसर असते, अंगावर येते, वासाचं फारसं काही सांगत नाही. तिच्या फुटपट्टीनं ऑर्वाल मोजलीत तर ती नापासच होणार.

आता टांग्याचा घोडा. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. सासरेबुवा, तुमचं नाक बावनकशी आहे! या बियरच्या वासाला जगभरचे जाणकार जे शब्द वापरतात, त्यात पहिला शब्द येतो घोड्याच्या अंगावरच्या घोंगडीचा, मग चामड्याचा, मग गोठ्यातल्या वाळल्या गवताचा. तो वास येतो ब्रेटानोमायसीस नावाच्या यीस्टमुळे. बियर एकदा नेहमीच्या यीस्टनं आंबवून झाली की बाटलीत भरताना या दुसऱ्या, जरा रानटी यीस्टचा हात तिला लावतात, आणि मग ते बंद बाटलीत महिनोन् महिने आपलं काम करत राहतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९०४ साली ते इंग्लंडच्या जुन्या, मुरवलेल्या बियरमधून शोधून काढलं आणि नाव ठेवलं ते चक्क "ब्रिटिश बुरशी" या अर्थाचं. त्यामुळे तुम्ही गाळाला बुरशी म्हणालात ते अगदीच चूक नाही. यीस्ट त्याच कुळातलं. फक्त ती बिघडल्याची खूण नव्हती. जावयानं तुम्हाला जे द्यायला म्हणून आणलं होतं, त्यातलाच थोडा भाग गाळणीला चिकटून राहिला.

इतर बियर बनवणारे, आणि वाइन बनवणारे तर विशेषच, या यीस्टला घाबरून असतात. त्यांच्या पिंपात ते शिरलं की माल गेला असं समजतात. इथे मात्र त्याला मुद्दाम आवतण धाडलेलं असतं. दही लावणं आणि दूध नासणं यांत जो फरक आहे तोच हा, आणि तो तुमच्या सौ.ना कोणी शिकवायला नको. अनारशाच्या तांदळाचं पाणी रोज बदलायचं, तिसऱ्या दिवशी कुठे थांबायचं, वास कुठवर चांगला आणि कुठून पुढे वाईट, हे ज्या बाईला लांबून हुंगून कळतं, तिला आंबवण्याचं शास्त्र माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त येतं. दुसरी बाटली उघडाल तेव्हा वास घ्यायला आधी त्यांना द्या. पिणं न पिणं त्यांचं त्यांनी ठरवावं.

पाच वर्षांची छपाईही खरीच आहे. जिवंत यीस्ट आत असल्यामुळे ही बियर टिकते, इतकंच काय, बदलत जाते. लेबलावर बाटली भरल्याची तारीख असते आणि मुदतीची असते. तारीख आपल्यासारखीच लिहितात, आधी दिवस, मग महिना. भरल्याला तीन-चार महिनेच झाले असतील तर फुलांचा वास पुढे आणि कडूपणा टवटवीत. वर्ष उलटलं की कडूपणा ओसरतो, बियर कोरडी होत जाते आणि टांगा जवळ येतो. ताजी आणि मुरलेली असे दोन तट तिच्या भक्तांमध्ये आहेत. आपल्याकडे लोणच्यावरून घरोघरी होतं तसंच. गणपतीत आलेली बाटली डिसेंबरअखेर आणखी चार महिने मुरलेली असेल, म्हणजे पहिलीपेक्षा दुसरी थोडी निराळी लागणार. जावयाला ही तारीख वाचून दाखवा. बोलायला विषय मिळेल.

कडूपणाचं थोडं सांगते, कारण तोंड वाकडं होण्याची भीती तुम्हाला त्याचीच आहे. हॉप नावाच्या वेलीची फुलं बियरमध्ये घालतात. उकळताना घातली की कडवटपणा येतो. ऑर्वालमध्ये ती नंतर, थंड बियरमध्येही घालून ठेवतात, त्यानं फक्त सुवास उतरतो. पहिला घोट तोंडाला कडूच लागतो, कोणालाही. कारल्याच्या भाजीचा पहिला घास आणि पाचवा घास यांत जेवढं अंतर, तेवढंच इथेही. म्हणून पहिल्या घोटावर मत देऊ नका. तो छोटा घ्या, गिळा, दोन मिनिटं गप्पा मारा. जीभ स्थिरावली की दुसरा घ्या.

ओतायचं कसं, तर बाटली उभी ठेवलेली असावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. आडवी ठेवू नका आणि उघडण्याआधी हलवू नका. पेला तिरका धरून त्याच्या भिंतीवरून सावकाश धार सोडायची, शेवटी पेला सरळ करायचा. या बियरमध्ये नेहमीच्या बियरपेक्षा वायू पुष्कळ जास्त असतो, त्यामुळे तुम्ही उभ्या पेल्यात धबधबा सोडलात तेव्हा टेबलक्लॉथचं जे व्हायचं तेच झालं. बोटभर बियर गाळासकट बाटलीतच राहू द्या. ती वेगळ्या छोट्या पेल्यात ओतून नंतर चाखून बघा. पावासारखी, जरा भरड चव असते. आवडली तर मिसळा. पोटाला वायू धरत असेल तर सोडून द्या. गाळणी मात्र चहाचीच राहू दे.

पेला काचेचा हवा, रुंद तोंडाचा, जमलं तर दांडीचा. मठाचा स्वतःचा खास चषक आहे, जड काचेचा. तो मठाचा वास्तुशिल्पी आंरी वाएस यानंच आखून दिला. तुम्हाला त्याची गरज नाही. लग्नात आलेला आणि शोकेसमध्ये वीस वर्षं बसलेला आइस्क्रीमच्या कपांचा काचेचा संच तुमच्याकडे असणारच. प्रत्येक मराठी घरात असतो. तो धुवून, साबणाचा वास जाईपर्यंत खळखळून, उपडा वाळवा. तेलाचा अंश राहिला तर फेस धरत नाही.

तेलावरून लौंग सेव आठवली, पण तिच्याकडे नंतर येते.

मठाबद्दल सौ.चा प्रश्न रास्त आहे. ट्रॅपिस्ट नावाच्या ख्रिस्ती साधूंचा नेम असा की स्वतःच्या हातच्या कामावर पोट भरायचं, दान मागत बसायचं नाही. कोणी चीज करतं, कोणी मध, कोणी बियर. "ट्रॅपिस्ट" ही खूण बाटलीवर लावायची तर बियर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि नफा मठाच्या गुजराणीला आणि धर्मादायाला जावा लागतो. ऑर्वालच्या जागेवर साधू पहिल्यांदा आले १०७० साली. पुढे १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्यानं मठ जाळून टाकला. (तेव्हा आपल्याकडे महेश्वरात अहिल्याबाईंचा कारभार चालू होता. एकीकडे देवळं जळत होती आणि एकीकडे काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट-देवळं उभी राहत होती, हे एकाच काळात घडत होतं असं मनात आलं की मला गंमत वाटते.) सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तिथे नुसते अवशेष होते. १९२६ पासून मठ पुन्हा बांधायला घेतला, त्याला पैसा लागला, आणि तो उभा करायला म्हणून १९३१ मध्ये बियरची भट्टी घातली. सौ.ना सांगा, आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला पावतीपुस्तकं छापतात, त्यांनी बियर काढली.

आणि मासा! इटलीतल्या तोस्कानाची मातिल्दा नावाची विधवा सरदारीण तिथल्या झऱ्याकाठी बसली असताना तिची लग्नातली अंगठी पाण्यात पडली. तिनं प्रार्थना केली आणि एक मासा अंगठी तोंडात धरून वर आला. ही खरोखर सोन्याची दरी आहे, असं ती म्हणाली, त्यावरून हे नाव. दंतकथाच आहे. पण नवऱ्याची अंगठी, पाणी, मासा! कालिदासाचं उज्जैन आपल्यापासून तासा-दीड तासावर, शकुंतलेची गोष्ट आपण शाळेत शिकलो, आणि तुम्ही त्या लेबलाकडे बघून नुसतं "मासा आणि अंगठी" लिहून पुढे गेलात? मी तर पहिल्यांदा ते लेबल पाहिलं तेव्हा वर्गातला तास सोडून शकुंतलाच सांगत बसले होते. ज्यांच्या अंगठ्या हरवतात त्यांना मासे सगळीकडे सारखेच भेटतात बहुतेक.

आता महेश्वर. हे नको. १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन धरून मध्य प्रदेशातल्या १९ ठिकाणची दारूची दुकानं आणि बार सरकारनं बंद केले आहेत. तुमचा बेत विकत घेण्याचा नाही, बाटली घरचीच आहे, हे खरं. पण घाट ही सार्वजनिक जागा, तिथे पोलीस हटकणार, आणि कायदा बाजूला ठेवला तरी अहिल्याबाईंच्या घाटावर बसून बाटली उघडणं तुम्हाला स्वतःला पटणार आहे का? जावई परदेशात राहून नर्मदेच्या आठवणीनं हळवा झालाय, त्याला हे लक्षात आलं नसेल. महेश्वरला जरूर जा, सकाळी जा, साड्या घ्या, नावेत बसा. बाटली आदल्या दिवशी घरी उघडा.

किती प्यायची, हेही मोजूनच सांगते, कारण तुम्ही बीपीचं लिहिलंत. बाटली ३३० मिलिलिटरची, लेबलावर ६.२ टक्के. म्हणजे तिच्यात निव्वळ अल्कोहोल साधारण २० मिलिलिटर. तुमची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग ८ टक्क्यांची धरली तर तिच्यात ५२. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १३. तेव्हा ही बाटली दोघांत वाटलीत तर प्रत्येकाच्या वाट्याला एका छोट्या पेगपेक्षाही कमी येतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि बीपीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. तुमच्या डॉक्टरांना बाटलीचं नाव नको, एवढंच विचारा की माझ्या गोळीबरोबर इतकं चालेल का. ते नाही म्हणाले तर दोन घोट चव घ्या आणि बाकी जावयाला द्या. आणि पिऊन झाल्यावर रात्री सराफ्यात खायला जायचं ठरलं, जे तुमच्या घरी ठरणारच, तर गाडी न प्यायलेल्यानं चालवावी. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, आणि पहिल्याच खेपेला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलगी चालवत असेल तर प्रश्नच मिटला.

एवढं सगळं झालं तरी तुमचा खरा प्रश्न बियरचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही "एक नंबर" म्हणालात आणि आता परीक्षा द्यायची वेळ आली आहे.

माझी एक फजिती सांगते. मुंबईला एका हॉटेलात मी शिकाऊ होते. एका वरिष्ठांनी परदेशातून आणलेला गिनेस या आयरिश काळ्या बियरचा कॅन आम्हाला चव घ्यायला दिला आणि कुठेतरी निघून गेले. मी कॅन हलवला तर आत काहीतरी खडखडलं. मला वाटलं, कारखान्यात कचरा पडला. घाबरून मी तो अख्खा बेसिनमध्ये ओतला आणि वर धावत जाऊन अभिमानानं सांगितलं की मी ग्राहकांचा जीव वाचवला. त्या कॅनमध्ये प्लास्टिकचा एक पोकळ गोळा असतो. कॅन उघडला की त्यातून नायट्रोजन सुटतो आणि बियरला सायीसारखा फेस येतो. तो गोळा म्हणजे त्यांची कारागिरी होती. वरिष्ठांनी मला काही बोललं नाही, फक्त त्या दिवसापासून माझं नाव "खडखड" पडलं. पुढे मीच ती गोष्ट दर वर्षी पहिल्या तासाला सांगू लागले. त्यानंतर पोरं मला न घाबरता विचारायची की मॅडम, हे असंच असतं की बिघडलंय?

तुमच्या जावयाचा विचार करा. काचेच्या दोन बाटल्या स्वेटरमध्ये गुंडाळून, विमानं बदलत, सासऱ्यासाठी इंदूरपर्यंत आणणारा मुलगा. त्याला तिथल्या दुकानात गोड फळांची बियर मिळाली असती, जी कोणालाही पहिल्या घोटात आवडते. त्यानं अवघड बाटली निवडली. ज्याला ती स्वतःला आधी आवडली नव्हती आणि नंतर आवडली, असा माणूसच बहुतेक वेळा असं करतो. त्यानं फोनवर विचारलं ते दाद मिळावी म्हणून नव्हे. त्याला कोणाशी तरी तिच्याविषयी बोलायचंय. आणि "एक नंबर" हा शब्द बोलणं संपवणारा आहे. त्यावर तो बिचारा काय म्हणणार?

तेव्हा तो येण्याची वाट बघू नका. या रविवारी फोनवरच सांगा: "अरे, तुझी बियर मी फ्रीझरमध्ये ठेवली, स्टीलच्या पेल्यात ओतली आणि गाळणीनं गाळून प्यायलो. टांग्याच्या घोड्याचा वास आला. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, अनारशाचे तांदूळ. तू सांग आता, काय चुकलं?" इतकंच. वेगळी माफी नको. तो आधी हसेल, मग घोड्यापाशी थबकेल, कारण तो शब्द त्यानं तिथे नक्की ऐकलेला असणार. मग अर्धा तास बोलेल. जावई सासऱ्याशी अर्धा तास बोलतो, असा विषय दर वेळी मिळत नाही.

आणि दुसरी बाटली नीट तापमानाला, नीट पेल्यात, सावकाश घेऊनही नाही आवडली तर? तर नाही आवडली. मला स्वतःला बेल्जियमच्या त्या फार आंबट बियर अजून आवडत नाहीत, ब्रुसेल्सच्या आसपास हवेतल्या यीस्टवर आंबवतात त्या. इतक्या वर्षांत मी त्या शिकवल्या, पोरांना त्यांचे गुण सांगितले, आणि घरी कधी आणल्या नाहीत. जावयाला म्हणा, "कळली, पण माझी नाही." त्यालाही हे वाक्य ऐकायला आवडेल, कारण त्यात तुम्ही नीट चाखल्याचं दिसतं. पुढच्या वेळी काय आणू म्हणून विचारलं तर गव्हाची बियर सांगा, हूगार्डनसारखी. तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते, कडवटपणा नावाला, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आत. ती इंदुरातल्या मोठ्या दुकानातही मिळू शकते, त्याला ओझं वाहायला नको.

बरोबर खायला काय, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण इंदूरच्या माणसाला मी न सांगता सोडणार नाही. साधू स्वतःचं चीज करतात आणि तेच खातात. आपल्या घरी भुट्ट्याचा कीस करा, दुधात शिजलेला, मोहरी-हिरव्या मिरचीचा, मिरची बेतानं. त्याची गोडी आणि बियरचा कडूपणा एकमेकांना धरून राहतात. थालीपीठ आणि लोणीही चालेल. थंडीचे दिवस आहेत, गराडूच्या कंदाचे काप तळलेच जातील; त्यावर मसाला कमी भुरभुरा आणि लिंबू ज्याचं त्यानं पिळावं. तिखट आणि वायू एकत्र आले की तोंडात आग होते आणि बियरचं काही कळत नाही. म्हणूनच लौंग सेव निदान पहिल्या पेल्यापुरती डब्यातच राहू द्या. सेवेचं तेल ओठाला लागतं, ओठाचं पेल्याला, आणि फेस बसतो. जावई इंदूरचाच असेल तर तो अर्ध्या पेल्यावर डबा मागेल. तेव्हा द्या, आणि तुम्हीही घ्या.